मासा मेळाव्यातून आणा, पण टाकी दीड महिना आधी भरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली की पुण्यात रंगीत माशांची प्रदर्शने आणि मासे पाळणाऱ्यांचे मेळावे भरू लागतात. रविवारी संध्याकाळी अशा मांडवाच्या दाराशी पाच मिनिटे उभे राहिले तर एक दृश्य हमखास दिसते. एका हातात नवी कोरी काचेची टाकी, दुसऱ्या हातात फुगलेली पिशवी, आणि पिशवीत आठ निऑन, दोन एंजल, एक काच चाटणारा सकर. त्यातले बरेचसे मासे पंधरवडा काढत नाहीत. टाकी आणि मासा एकाच दिवशी घरात आले, एवढे एकच कारण त्याला पुरते.

मेळाव्याला जाणाऱ्यांनी काय तयारी करावी आणि भरवणाऱ्यांनी टाकीवर काय लिहावे, याबद्दल हे पत्र आहे.

नव्या टाकीतले पाणी कितीही नितळ दिसले तरी माशाची घाण पचवणारे जिवाणू त्यात नसतात. माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया सुटतो, विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजून आणखी तयार होतो. जुन्या टाकीत फिल्टरच्या स्पंजावर वसलेले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिली दोन विषे, तिसरे पुष्कळच सौम्य. ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, गार पाण्यात त्याहून जास्त. छंदी मंडळी याला 'टाकी सायकल करणे' म्हणतात. फिल्टर आणि हीटर लावून टाकी भरायची, पाण्यातला क्लोरीन घालवायचा आणि अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया २ पीपीएमवर, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅमवर आणायचा. मग थेंबांच्या किटने दर दोन दिवसांनी मोजत राहायचे. आधी अमोनिया उतरतो आणि नायट्राइट चढते, काही दिवसांनी तेही उतरते. नव्याने घातलेला २ पीपीएम अमोनिया चोवीस तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य दिसले, की टाकी तयार. निम्म्याहून जास्त पाणी बदलून साठलेले नायट्रेट काढायचे आणि मगच मासे.

ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिथला वापरता स्पंज मागून आणावा, बरेच आठवडे वाचतात. तो नळाखाली मात्र धुऊ नये. नळाच्या पाण्यात क्लोरीन घातलेला असतो तो जिवाणू मारायलाच. टाकीतलेच पाणी बादलीत काढून त्यात दोनदा पिळला की झाले. जिवाणूंच्या बाटलीवर 'आजच मासे सोडा' असे छापलेले असले तरी भरवसा किटवर ठेवावा.

आता पाणी. 'पुण्याच्या पाण्यात हा मासा जगतो का?' असा प्रश्न स्टॉलवर सारखा विचारला जातो, पण पुण्याचे पाणी असे एक काही नाहीच. खडकवासल्याच्या साखळीतून येणारे महापालिकेचे पाणी त्या मानाने मऊ, म्हणजे क्षार कमी असलेले. बोअरचे पाणी काळ्या कातळातून आलेले, त्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, ५००च्या पुढे सहज जातो. उपनगरांतल्या कित्येक सोसायट्यांत पालिका, बोअर आणि टँकर ही तिन्ही पाणी एकाच टाकीत पडतात आणि त्यांचे प्रमाण रोज बदलते. म्हणून मेळाव्याआधी आठवडाभर रोज सकाळी नळाच्या पाण्याचा टीडीएस मोजून कागदावर लिहावा. तो कागद खिशात घेऊन स्टॉलवर गेले की बोलणे मुद्द्याचे होते. देखभालीसाठी गुरुवारी पाणी बंद असले की शुक्रवारचे पाणी नळातला गाळ घेऊन येते. पाणी बदलायचा वार शनिवार ठेवलेला बरा.

क्लोरीन घालवायला बादलीत एअर पंपाचा दगड सोडून चोवीस तास ठेवावे. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट, ज्याला दुकानात हायपो म्हणतात, ते १०० लिटरला १ ग्रॅम पुरते. डिस्कससारख्या मऊ पाण्याच्या माशासाठी आरओचे पाणी मिसळतात. नळाचा टीडीएस ४००, आरओचा २० आणि हवा १५० असेल तर एक भाग नळाचे आणि दोन भाग आरओचे. नुसते आरओचे पाणी वापरू नये, त्यात क्षार जवळपास नसतात आणि पीएच (हा आकडा जितका कमी तितके पाणी आम्ल) एका रात्रीत घसरू शकतो. आरओच्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी तर मुळीच नको, नळातले क्षार त्यातच गोळा झालेले असतात.

टाकीचे माप काढायला लांबी, रुंदी आणि उंची इंचांत घेऊन गुणाकाराला ६१ने भागावे, उत्तर लिटरमध्ये येते. दोन फूट बाय एक बाय एकची टाकी भरते ५६ लिटर. वाळू, दगड आणि वरची रिकामी दोन बोटे वजा जाता उरतात ४५ ते ५०. त्यात आठ-दहा निऑन आणि तळाशी पाच-सहा छोटे कोरी (कोरिडोरस) मासे सुखाने राहतात. एंजलला निदान दीड फूट उंची हवी. गोल्डफिश त्या टाकीत नको आणि ऑस्करचे तर नावच काढू नये. आपली प्रदर्शने नेमकी थंडीत भरतात, त्यामुळे हीटर आधीच लावून ठेवावा. दर लिटरला एक वॉट हा हिशेब पुण्याच्या घरात पुरतो, मासे २४ ते २७ अंशांत ठेवायचे, डिस्कस असतील तर २८ ते ३०. पाणी बदलताना हीटर आधी बंद करावा, कारण तापलेली नळी हवेत उघडी पडली की तडकते. ज्यांना हीटर नकोच, त्यांनी झेब्रा घ्यावा. जगभरच्या प्रयोगशाळांत पाळला जाणारा हा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला, वीस अंशांतही खुशाल हुंदडतो आणि स्वस्तही असतो. स्वस्त म्हणूनच लोक त्याच्याकडे वळून पाहत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

मेळाव्यात गेल्यावर खरेदी सगळ्यात शेवटी. मासा पिशवीत घालून चार तास मांडवात हिंडवण्यात काही अर्थ नाही. पसंत पडला तर थोडी इसार रक्कम देऊन टाकीवर नाव लिहून घ्यावे आणि निघताना पिशवी भरून घ्यावी. व्याख्यान असेल तर आधी ते ऐकावे. शेवटच्या दिवशी संध्याकाळी भाव पडतात हे खरे, पण तेव्हा उरतो तो तीन दिवस दिव्यांखाली आणि गर्दीच्या ठकठकीत राहिलेला माल.

विक्रेत्याला विचारायचे ते एवढेच: मासा कुठून आला, येऊन किती दिवस झाले, कोणत्या पाण्यात आहे आणि काय खातो. पुण्यात येणारा बराच माल हावड्याचा, चेन्नईतल्या कोळत्तूरचा किंवा मुंबईतल्या कुर्ल्याहून उचललेला असतो. 'कालच उतरलाय, एकदम फ्रेश' हे भाजीच्या बाबतीत कौतुक झाले. मासा येऊन आठवडा झालेला आणि खाऊ लागलेला असेल तर तो घ्यावा. चिमूटभर खाद्य टाकून दाखवायला सांगावे, पण चिमूटभरच. पोटभर खाल्लेला मासा पिशवीत घाण करतो.

मग नीट न्याहाळावे. पर अंगाला चिकटवून बसलेला, पोट आत गेलेला, वर येऊन भराभर तोंड मारणारा मासा नको. अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके म्हणजे इक, हा परजीवीचा रोग. गप्पीच्या मागच्या छिद्रातून लाल दोऱ्यासारखे काही डोकावत असेल तर ते कॅमॅलॅनस जंत, आणि ते शेजाऱ्यांनाही होतात. गप्पीचा विषय निघालाच आहे तर, डासांच्या मोहिमेत आरोग्य खात्याने घरोघर पोचवलेला हा मासा इतका आपला झाला आहे की तो दक्षिण अमेरिकेतला आहे हे सांगितले तर लोकांना खरे वाटत नाही. शेवटचे म्हणजे टाक्यांच्या मागे वाकून पाहावे. सगळ्या टाक्यांचे पाणी एकाच फिल्टरमधून फिरत असेल तर पलीकडच्या टाकीतला मेलेला मासा हा आपल्याही माशाचा प्रश्न असतो.

रंगाला भुलू नये. गुलाबी, निळ्या, हिरव्या 'कलर विडो' हा कुठला वेगळा मासा नसून काळ्या विडोच्याच फिकट जातीला दिलेला रंग आहे. तो काही महिन्यांत उतरतो आणि रंगवण्यात माशाला इजा होते. जांभळ्या पॅरट माशाचीही तीच कथा. पॅरट मुळात संकर, कित्येकांचे तोंड धड मिटत नाही. शेजारच्या फायटर माशांच्या स्टॉलवर मात्र थोडे रेंगाळावे. शेपूट पूर्ण उघडल्यावर दोन्ही कडा सरळ रेषेत, म्हणजे १८० अंशांत आल्या तर तो हाफमून. जाणकार फायटरच्या पाण्यात बदामाचे वाळलेले पान टाकतात. हा आपल्या रस्त्याकडेचा, मोठ्या पानांचा देशी बदाम. गळून तपकिरी झालेले पान धुऊन टाकावे, पाणी चहासारखे होते आणि किंचित आम्ल होते. रहदारीच्या किंवा औषध फवारलेल्या झाडाचे पान घेऊ नये.

आता पिशवी, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग हवा असावी, लांबचा प्रवास असेल तर ऑक्सिजन. पाणी जास्त म्हणजे मासा सुखी, हा गैरसमज आहे. एकावर एक दोन पिशव्या घालाव्यात आणि तळाचे कोपरे रबर लावून किंवा दुमडून गोल करावेत, नाहीतर लहान मासे कोपऱ्यात अडकून चिरडतात. पिशवी आडवी ठेवली तर पाण्याचा पृष्ठभाग वाढतो. स्कूटरच्या हुकाला पिशवी लटकवून नेणे ही तर पुण्याची खासियत. दर गतिरोधकाला ती गुडघ्यावर आपटते आणि डिसेंबरच्या रात्री वाऱ्याने पाणी झपाट्याने गार होते. त्यापेक्षा थर्माकोलचा खोका, झाकणाला चिकटपट्टी, आत पिशव्यांभोवती वर्तमानपत्र. अंधारात मासे शांतही राहतात.

घरी आल्यावर बंद पिशवी टाकीत वीस मिनिटे तरंगत ठेवावी, म्हणजे तापमान जुळते. तासाभरापूर्वी भरलेली पिशवी असेल तर उघडून दर पाच मिनिटांनी अर्धा कप टाकीचे पाणी अर्धा तास घालत राहावे. दोन्ही पाण्यांच्या टीडीएसमध्ये दीडशेहून जास्त फरक असेल तर एक तास घ्यावा. शेवटी मासा जाळीने उचलावा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

बाहेरगावाहून मागवलेल्या, वीस-चोवीस तास बंद असलेल्या पिशवीला मात्र उलटा नियम, आणि हे अनेक जुन्या पाळणाऱ्यांनाही पटत नाही. बंद पिशवीत माशाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरतो. अमोनियाही साठतो, पण कमी पीएचला तो बहुतेक अमोनियम रूपात, म्हणजे जवळपास निरुपद्रवी असतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि तोच साठा विषारी होऊ लागतो. २५ अंशांना पीएच ७ असताना त्यातला विषारी भाग अर्धा टक्का, पीएच ८ला पाच टक्क्यांच्या वर. म्हणजे त्या पाण्यात मासा तासभर ठेवून 'हळूहळू सवय लावणे' हे त्याला विषात भिजत ठेवणे आहे. अशा वेळी तापमान जुळवून पिशवी उघडावी आणि मासा लगेच स्वच्छ पाण्यात घ्यावा. ते पाणी पाठवणाऱ्याच्या टीडीएसच्या जवळपासचे आधीच तयार ठेवलेले असावे. फोन करून विचारले तर चांगला विक्रेता आकडा सांगतो.

हे स्वच्छ पाणी मुख्य टाकीतले नव्हे, वेगळ्या टबातले. वीस-तीस लिटरचा प्लॅस्टिकचा टब, त्यात जिवाणू वसलेला स्पंज फिल्टर, हीटर, लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा. वाळू नको. जाळी आणि बादलीही वेगळी. तीन ते चार आठवडे मासा इथेच राहील. इक दिसला तर तापमान काही तासांनी एकेक अंश करत ३०वर न्यावे, हवा वाढवावी कारण कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि लिटरला १ ते २ ग्रॅम साधे मीठ घालावे. औषध लागू पडते ते फक्त पाण्यात मोकळ्या फिरणाऱ्या परजीवीला, त्वचेखालच्या ठिपक्याला नाही. म्हणून ठिपके गेले की औषध थांबवणाऱ्यांकडे आठवड्याने इक परत येतो. मिथिलीन ब्लू या टबापुरतेच ठेवावे. मुख्य टाकीत घातले तर दीड महिना खपून वसवलेले जिवाणूही जातात.

आता आयोजकांसाठी. परदेशात सिक्लिड किंवा फायटर पाळणाऱ्यांच्या संमेलनांत व्याख्याने, स्पर्धा आणि शेवटी पिशव्यांचा लिलाव असा क्रम असतो. लिलावाच्या पिशवीवर माशाचे शास्त्रीय नाव, संख्या आणि पैदास करणाऱ्याचे नाव लिहिलेले असते. आपल्याकडे टाकीवर असते ती किंमत. सजावटीच्या धबधब्यावर आणि सेल्फीच्या चौकटीवर होणाऱ्या खर्चापैकी थोडा पुठ्ठ्यावर आणि मार्करवर करावा, एवढीच विनंती. पुठ्ठ्यावर असा मजकूर हवा:

'सकर. आज २ इंच, पूर्ण वाढ दीड फूट. ६ फुटांपेक्षा लहान टाकीत ठेवू नये. लहानपणी काचेवरचे शेवाळ खातो, मोठा झाल्यावर फारसे नाही. घाण भरपूर करतो. इथे येऊन ९ दिवस. पाणी: २६ अंश, पीएच ७.४, टीडीएस ३१०. तलावात, नदीत सोडू नये.'

एवढे वाचून दहातले सहा जण सकर घेणार नाहीत. विक्री घटेल म्हणून विक्रेते कुरकुरतील, पण तेच सहा जण पुढच्या वर्षी दुसरा मासा घ्यायला परत येतील. शेवटच्या ओळीची गरज वेगळी सांगायला नको. चिलापी या बाहेरून आलेल्या माशाने उजनी धरणात काय केले ते मच्छीमार सांगतात, आणि सकरही तिथे जाळ्यात येऊ लागल्याचे वर्तमानपत्रांतच आले आहे. त्याच्या अंगावरच्या कवचाने जाळी फाटते आणि तो काठाच्या मातीत बिळे करतो.

आशियाई अरोवाना मांडणाऱ्यांच्या पुठ्ठ्यावर आणखी एक ओळ लागेल. हा मासा साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि २०२४च्या नियमांनुसार तो पाळणाऱ्याला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. घेणाऱ्याने कागद आणि मायक्रोचिपचा क्रमांक पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. चंदेरी अरोवानाला हे लागू नाही, मात्र तोही अडीच-तीन फूट वाढतो.

व्याख्यात्यांची पुण्यात वानवा नाही. 'मिस केरला' म्हणून विकल्या जाणाऱ्या लाल पट्ट्याच्या माशासाठी २०१३मध्ये 'सह्याद्रिया' ही नवी प्रजाती (जीनस) मांडली गेली, आणि ती मांडणाऱ्या चार संशोधकांपैकी एक तेव्हा इथल्याच आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत काम करत होते. केरळच्या नद्यांतून छंदासाठी उपसा झाल्याने हा मासा संकटग्रस्त झाला आहे. स्टॉलवर तो दिसला तर पैदाशीचा आहे की नदीतून धरलेला, हे विचारायची सवय असल्या व्याख्यानांतूनच लागेल.

आणि दाराजवळ एक परतीचे टेबल ठेवावे. टाकीत न मावणारा ऑस्कर, फूटभर झालेला सकर, नकोसे झालेले लाल कानाचे कासव लोक पाषाण तलावात किंवा मुठेत सोडतात, कारण द्यायला दुसरी जागा त्यांना माहीत नसते. दोन मोठे टब, दोन स्पंज फिल्टर, कासवासाठी एक कोरडा खोका आणि एक वही, बास. वहीत देणाऱ्याचे नाव नाही लिहिले तरी चालेल. घेणाऱ्याच्या टाकीचे माप मात्र लिहून घ्यावे.

आपले,
पुण्यातील काही मासे पाळणारे